मोठेपणाचे माप

मोठेपणाची थट्टा करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. हत्तीचे मस्तक असलेल्या देवाला आपण उंदराच्या पाठीवर बसवले आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याची आरती करीत आलो. पण त्या उंदराच्या पाठीचे काय होत असेल, हा प्रश्न कुणाला पडला नाही. तुकोबांनी देवापाशी लहानपण मागितले, त्यालाही आता साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली. ऐरावत मोठा खरा, पण अंकुशही त्याच्याच माथी. मुंगीला अंकुश कोण मारणार? नाशिकला रविवार कारंज्यावरच्या चांदीच्या गणपतीपुढे मी हात जोडून उभा राहतो तेव्हा माझी नजर हटकून खाली, उंदराकडे जाते. वर हत्ती, खाली उंदीर. दोघेही हाडामांसाचे, दोघांच्याही जाती आईच्या दुधावर वाढणाऱ्या. मग हत्तीला हत्ती करणारी वस्तू ती कोणती? तो मोठा आहे म्हणजे नेमका कशाने मोठा आहे?

हा प्रश्न माझ्या डोक्यातून निघालेला नाही. मी मॅट्रिकवर थांबलेला माणूस. दिवसा शाळेत मराठी शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. माझ्या कादंबऱ्यांतली माणसे मोठी की लहान, ते मी त्यांच्या वागण्यावरून ठरवतो. तेथे फूटपट्टी लागत नाही. परंतु गेल्या वर्षी आमच्या शास्त्राच्या बाई रजेवर गेल्या आणि आठवीचा तास माझ्या गळ्यात पडला. धडा पेशींचा होता. १६६५ साली रॉबर्ट हुक नावाच्या इंग्रज गृहस्थाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्याला मधाच्या पोळ्यासारखी घरे दिसली, येथपर्यंत माझी गाडी सुरळीत आली होती. एवढ्यात पहिल्या बाकावरून प्रश्न आला :

“सर, हत्तीची पेशी उंदराच्या पेशीपेक्षा मोठी असती का?”

वर्ग हसला. प्रश्नापेक्षा प्रश्न विचारणाऱ्याला हसला. तो मुलगा वर्गातला सगळ्यांत लहानखुरा. प्रार्थनेच्या रांगेत नेहमी पहिला. हुशारीने नव्हे, उंचीने. मागे बसवला तर पुढच्यांच्या डोक्यांपलीकडचा फळा त्याला दिसत नाही. त्याचे आईबाप सुरगाण्याकडचे. नागली-वरईची कापणी झाली, की घाट ओलांडून द्राक्षबागांच्या कामाला यायचे, असे काही वर्षे चालले होते. आता मखमलाबादच्या एका बागेत कोपऱ्यावरच्या खोलीत त्यांचे बिऱ्हाड आहे. पोरांनी त्याला ‘पिटुकल्या’ म्हणायला सुरुवात केली होती. म्हणूनच मला तो प्रश्न नुसता शास्त्राचा वाटला नाही.

“उद्या सांगतो,” मी म्हणालो, आणि त्या रात्री कादंबरी बाजूला ठेवून वाचत बसलो. ती रात्र एकाची चार झाली.

तुम्ही म्हणाल, यात वाचायचे ते काय? वाडा मोठा असला म्हणजे त्याच्या विटा मोठ्या असतात असे थोडेच आहे! बरोबर. पण एखाद्याने असेही म्हणावे, की देवळाचा चिरा घराच्या विटेहून मोठा असतोच की. निसर्गाने यांतला कोणता गवंडी कामाला लावला आहे, हे नुसत्या तर्काने सांगता येणार नाही. ते मोजूनच पाहिले पाहिजे. आणि लोकांनी ते मोजले आहे. २००७ साली काही अमेरिकन शास्त्रज्ञांनी सस्तन प्राण्यांच्या अठरा प्रकारच्या पेशींची मापे एकत्र करून पाहिली. यकृताच्या, कातडीच्या, रक्ताच्या अशा ज्या पेशी सतत झिजतात आणि सतत नव्या होतात, त्यांचे आकारमान प्राण्याच्या आकारमानाबरोबर वाढत नाही, असे त्यांना आढळले. उंदराच्या यकृताची पेशी आणि हत्तीच्या यकृताची पेशी शेजारी शेजारी ठेवल्या, तर नुसत्या मापावरून कोणती कोणाची हे ओळखणे अवघड. वीस ग्रॅमचा उंदीर आणि चार हजार किलोचा हत्ती, वजनात दोन लाख पटींचा फरक. आणि हा फरक जवळजवळ सगळा पेशींच्या संख्येचा.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी बुंदीचा लाडू काढला. खरा नव्हे, फळ्यावर. दिवाळी जवळ आली होती, त्यामुळे मुलांनी तो लगेच ओळखला. आमच्या घरी बुंदी पाडण्याचे काम माझ्या आईकडे असे. झारा तिच्या माहेरचा, भोके ठरलेली. लाडू लिंबाएवढा वळा नाहीतर नैवेद्यासाठी नारळाएवढा वळा, दाणा तेवढाच. मोठ्या लाडवात दाणे जास्त, इतकेच. एकदा कुणीतरी मोठ्या भोकांचा झारा आणला, तेव्हा बुंदी बोराएवढी पडली. आईने एक दाणा फोडून पाहिला आणि झारा परत पाठवला. “वरून लाल झालीय, आत पीठ तसेच. आणि पाक मुरणार कुठून?” ती म्हणाली.

पेशीचे दुखणे नेमके हेच आहे. तिला लागणारा प्राणवायू आणि अन्नरस तिच्या सालीतून आत जायचा, राख-केर त्याच सालीतून बाहेर यायचा. पेशीची जाडी दुप्पट केली तर साल चौपट होते, पण आतला ऐवज आठपट होतो. खाणारी तोंडे आठ आणि दारे चार. आणखी मोठी करा, मध्यावरचे उपाशी मरेल. आकार वाढला की नुसत्या प्रमाणाने काम भागत नाही, हे गॅलिलिओने १६३८ साली हाडांच्या बाबतीत लिहून ठेवले होते. पुढे हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १९२६ साली प्राण्यांच्या योग्य आकारावर एक छोटा, फार सुरेख निबंध लिहिला. हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात राहायला आले, येथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. धोतर-कुडत्यातला हा गोरा म्हातारा मला नेहमी आपल्यातला वाटत आला आहे. त्याने शास्त्र लिहिले ते गोष्ट सांगावी तसे.

नियम कळला की माणसाला अपवाद शोधण्याची खुमखुमी येते. माझा एक जुना विद्यार्थी रक्त तपासण्याचा धंदा करतो. त्याच्याकडे जाऊन मी माझेच रक्त काचेखाली पाहिले. माझी लाल रक्तपेशी सात-साडेसात मायक्रॉनची भरली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मग त्याने कोष्टक काढून दाखवले. शेळीची रक्तपेशी सुमारे चार मायक्रॉन, गाईची साडेपाच, उंदराची सहा, हत्तीची नऊच्या थोडी वर. मी दोनदा वाचले. गाईची रक्तपेशी उंदराच्या रक्तपेशीहून लहान! म्हणजे येथे मोठ्याला मोठे असा काही हिशोबच नाही. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज गलिव्हर नावाच्या एका इंग्रज लष्करी डॉक्टराने हाती लागेल त्या प्राण्याचे रक्त मोजण्याचा ध्यास घेतला होता. नाव गलिव्हर आणि काम लहानमोठ्याची मापे घेण्याचे; कादंबरीत मी असे नाव ठेवले असते तर संपादकांनी ते खोडून टाकले असते! त्याला सगळ्यांत बारीक रक्तपेशी सापडली ती जावा बेटाकडच्या सशाएवढ्या हरणात. त्या हरणाची एक चुलत बहीण आपल्या सह्याद्रीच्या रानात राहते. तिला आपण पिसोरी म्हणतो. ज्याच्या रक्तपेशी बारीक, त्याच्या त्या संख्येने जास्त. माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरात सुमारे पन्नास लाख, शेळीच्या तेवढ्याच थेंबात एक ते दीड कोटी. एकूण भार सारखाच वाहायचा. कुणी चार मोठ्या पाट्या भरतो, कुणी दहा लहान.

आता एक गंमत पाहा. उंदराची आणि हत्तीची यकृतपेशी मापाने सारखी, हे मान्य केले, तर त्या दोघी सारखेच काम करतात का? नाही. १९३२ साली माक्स क्लायबर यांनी निरनिराळ्या जनावरांचा खाण्याचा आणि उष्णतेचा ताळेबंद मांडला. वजन सोळापट झाले तर शरीराचा खर्च सोळापट होत नाही, सुमारे आठपट होतो. हाच हिशोब पुढे नेला, तर उंदराच्या अंगातला एक ग्रॅम मांसाचा गोळा हत्तीच्या एका ग्रॅमच्या वीसएक पट वेगाने जळत असतो. पेशी तीच, पण उंदराच्या घरी ती जात्यावर बसलेल्या सुनेसारखी राबते, आणि हत्तीच्या घरी तीच माजघरातल्या सासूसारखी निवांत असते. हत्तीची प्रत्येक पेशी उंदराच्या वेगाने पेटली तर ती उष्णता बाहेर पडायला त्याला कातडी पुरायची नाही. तो बिचारा जागच्या जागी शिजून जाईल.

मुलांना मी हृदयाच्या ठोक्यांचे गणित घातले. उंदराचे मिनिटाला सुमारे सहाशे ठोके आणि आयुष्य दोन वर्षांचे धरा. हत्तीचे मिनिटाला तीस आणि आयुष्य साठ वर्षांचे. पोरांनी गुणाकार केले : उंदीर त्रेसष्ट कोटी, हत्ती साडेचौऱ्याण्णव कोटी. साठ वर्षे आणि दोन वर्षे यांत तीसपट अंतर, पण ठोक्यांत दीडपटच. आपल्या घरात भिंतीच्या कडेकडेने पळणारी चिचुंद्री सर्वांना माहीत आहे. तिच्या जातीत एक अगदी चिमुकली आहे, दक्षिण युरोपापासून आशियापर्यंत सापडते, वजन अवघे दोन ग्रॅम. तिच्या हृदयाचे मिनिटाला पंधराशेपर्यंत ठोके मोजले गेले आहेत. दिवसभरात स्वतःच्या वजनाहून अधिक खाल्ले नाही तर ती जगत नाही. लहानपण देवाकडे मागताना ही अट ठाऊक असलेली बरी.

सगळ्याच पेशी या नियमात बसतात असे नाही. ज्या सहसा नव्याने होत नाहीत, जन्मभर पुरवून वापरायच्या असतात, त्या मोठ्या प्राण्यात थोड्या मोठ्या असतात. मज्जापेशी घ्या. माझ्या कण्याच्या खालच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत जाणारा एकेका पेशीचा तंतू जवळजवळ मीटरभर लांब आहे. हत्तीचा त्याहून लांब असणारच. पायात काटा रुतला तर निरोप पोचवायला तार तेवढी हवी. दुसरी मेदपेशी. तिच्याविषयी मी अधिक आस्थेने वाचले, याचे कारण माझ्या सदऱ्याची मधली गुंडी जाणते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की मेदपेशींची संख्या विशीच्या आसपास ठरून जाते. पुढे माणूस सुटतो तो बहुतेक त्याच पेशी भरून. म्हणजे चाळिशीतले पोट ही नवी वस्ती नसून जुन्या बिऱ्हाडांनी जमवलेले सामान होय. तालमीत दंड भरतो तोही बव्हंशी असाच. स्नायूंचे धागे जाड होतात, नवे फारसे होत नाहीत. मेहनत सोडली की ते पुन्हा बारीक होतात, हे जुन्या नाशकातल्या पुष्कळ निवृत्त पैलवानांकडे पाहून कळते.

आणखी एक कोडे सांगून टाकतो. इतक्या पेशी, इतक्या वेळा दुभंगणार. तर कर्करोग हत्तीला उंदरापेक्षा लाखो पटींनी व्हायला हवा. तो तसा होत नाही. रिचर्ड पेटो यांनी १९७० नंतरच्या दशकात हा प्रश्न मांडला, आणि त्याच्या उत्तराचा एक धागा २०१५ साली हाती आला. बिघडलेल्या पेशीला आवरणारे एक जनुक आहे. माणसाजवळ त्याची एक जोडी, हत्तीजवळ वीस जोड्या. वस्ती वाढवायची तर चौक्याही वाढवाव्या लागतात, असे निसर्गाने हत्तीपुरते तरी ठरवलेले दिसते.

हे सारे मी वर्गात हौसेने सांगितले. तिसऱ्या दिवशी तास संपल्यावर तो मुलगा टेबलापाशी घुटमळत राहिला. सगळे गेल्यावर म्हणाला, “सर, मंग माझ्या पेशी किरणच्या पेशींपेक्षा लहान नाहीत ना?” किरण म्हणजे आमच्या कबड्डी संघाचा कप्तान. दारातून जरा वाकून आत येणारा.

“मुळीच नाहीत,” मी म्हणालो. “तुझी पेशी आणि त्याची पेशी एकाच मापाची.”

“आन्‌ हत्तीची?”

“तीही.”

तो पळतच बाहेर गेला. दुपारच्या सुटीत मैदानावर तो किरणपुढे उभा राहून मान वर करून त्याला हे बजावून सांगत असलेला मी खिडकीतून पाहिला. ‘पिटुकल्या’ हा शब्द त्यानंतर आठवडाभर ऐकू आला नाही.

पण माझे वाचन तेथे थांबले नव्हते. पेशी सारख्या मापाच्या, म्हणजे मुलगा लहान आहे तो पेशी कमी असल्यामुळे. मग त्या कमी का? उंची बरीचशी आईबापांकडून येते, हे खरे. पण सगळीच येत नाही. १९६६ साली मायरन विनिक आणि अ‍ॅडेल नोबल यांनी उंदरांच्या पिल्लांवर केलेले प्रयोग माझ्या वाचनात आले. पेशी मोजायची त्यांची युक्ती साधी होती. एका प्राण्याच्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनए नावाचे द्रव्य ठरलेल्या मापाने असते. एखाद्या अवयवातले सगळे डीएनए मोजून त्या मापाने भागले की पेशींची संख्या निघते. त्यांना असे दिसले, की वाढ दोन टप्प्यांनी होते. आधी पेशींची संख्या वाढते, मग असलेल्या पेशी भरतात. पिल्लाची उपासमार दुसऱ्या टप्प्यात झाली तर पेशी रोडावतात, आणि अन्न मिळाले की पुन्हा भरतात. पण उपासमार पहिल्या टप्प्यात झाली तर पेशींची संख्याच कमी राहते. मागाहून कितीही खाऊ घातले तरी ती तूट भरून निघत नाही. १९६९ साली विनिक यांनी उपासमारीने दगावलेल्या तान्ह्या मुलांच्या मेंदूंवरही असेच काम केले आणि तेथेही पेशींची संख्या कमी आढळली.

मी पुस्तक मिटले. मैदानावरची ती वर केलेली मान मला दिसू लागली.

या गोष्टीचा उलगडा मला पुस्तकापेक्षा बागेत जास्त झाला. मार्गशीर्षात एका रविवारी मी मखमलाबादला गेलो. ज्यांच्या बागेत हे बिऱ्हाड आहे ते बागायतदार माझ्या ओळखीचे. ऑक्टोबरच्या छाटणीला दोन महिने होत आले होते. मणी ज्वारी-बाजरीएवढे धरले होते. बायका कात्र्या घेऊन विरळणी करीत होत्या. घडातले जादा मणी काढायचे, म्हणजे राहिलेल्यांना पोसता येते. पुढच्या ओळीत गडी मगातल्या पाण्यात एकेक घड बुडवून काढीत होते. हे पाणी म्हणजे जीए. जपानमध्ये भाताची रोपे एका बुरशीने वेड्यासारखी उंच वाढून पडत. १९२६ साली कुरोसावा यांनी तो त्या बुरशीच्या रसाचा गुण आहे हे दाखवले. तोच रस आज नाशिकच्या द्राक्षाला मापात आणतो. आमची थॉमसन जात बिनबियांची. बी नसले की मण्याला फुगवणारा रस घरातून पुरेसा मिळत नाही, तो बाहेरून द्यावा लागतो.

“यानं पेशी वाढतात का?” मी विचारले.

बागायतदार हसले. “सर, मणी धरल्यावर थोडे दिवस पेशी दुणावतात. ते झालं की संपलं. मग नुसतं फुगायचं. जीए फुगवतो. पण आत पेशीच कमी असल्या, तर फुगवून फुगवून किती फुगवणार? फुलोऱ्यात वेल उपाशी राहिला की तो घड गेला म्हणून समजा. मग दुधानं आंघोळ घाला त्याला.”

हत्ती संख्येने मोठा होतो आणि द्राक्ष बव्हंशी फुगून मोठे होते. निसर्गाने हे दोन गवंडी निरनिराळे नेमले आहेत. पण सुरुवातीच्या थोड्या दिवसांवर दोघांचाही डोळा सारखाच आहे.

ओळीच्या टोकाला त्या मुलाची आई विरळणी करीत होती. मला पाहून तिने पदर सावरला. तिला पाचवा-सहावा महिना असावा. मुलगा वेलीखाली बसून खाली पडलेले हिरवे मणी डबड्यात गोळा करीत होता, का ते त्याचे त्यालाच ठाऊक. मी त्याच्याजवळ बसलो. काय सांगावे आणि किती सांगावे, हे मी येताना ठरवून आलो नव्हतो. पण त्याने मला एकदा खरे उत्तर मागितले होते, आणि अर्धे उत्तर ही मुलांना दिलेली हलकी नाणी असतात; ती दुकानात गेल्यावर कळतात. मी त्याला उंदरांच्या पिल्लांची गोष्ट सांगितली. दोन टप्पे सांगितले. हेही सांगितले, की त्याचे वय तेरा आहे, हाडांच्या टोकांशी पेशी अजून दुणावत आहेत, मिसरूड फुटेपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षे उंची वाढत राहते. आणि मेंदूत पेशी किती यापेक्षा त्या एकमेकींशी किती जोडल्या जातात याला फार महत्त्व आहे, आणि ते जोडणे प्रश्न विचारणाऱ्या माणसात थांबत नाही.

तो ऐकत होता. मग डबड्यातला एक मणी बोटांत धरून म्हणाला, “घडाचंच हाये सर. फुलोऱ्यात उपाशी ऱ्हायला की मंग डिपिंगचा उपेग नाही.”

“हो.”

“मी फुलोऱ्यात असंन तवा आम्ही गावाकडं होतो. त्या साली आईला काम नव्हतं.” हे तो तक्रार म्हणून बोलला नाही. मागल्या हंगामाचा पाऊस सांगावा तसा बोलला. थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने ओळीच्या टोकाकडे पाहिले.

“सर, आईच्या पोटातलं बाळ आत्ता फुलोऱ्यात हाये.”

मी काहीच बोललो नाही.

“मंग आईला आत्ताच खायला पाह्यजे.”

शास्त्राचे पुस्तक वाचून मी हळहळलो होतो. तो वाचून कामाला लागला. सोमवारी शाळा सुटल्यावर तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “सर, अंगणवाडीत चला.” गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना अंगणवाडीतून आहार मिळतो, ही योजना १९७५ पासून आहे, आणि २०१५ पासून महाराष्ट्रातल्या आदिवासी भागांत अशा बायांना रोज एक वेळचे गरम, चौरस जेवणही देतात. त्या आईचे नाव गावच्या वहीत होते आणि ती स्वतः डोंगर ओलांडून द्राक्षांच्या ओळीत होती. ज्या बाईचे पोट मजुरीमागे फिरते, तिचे नाव तिच्यामागे फिरत नाही. अंगणवाडीच्या ताई समजूतदार निघाल्या. त्यांनी गावच्या ताईंना फोन केला, कागद पाहिला, नाव लिहिले, लोहाच्या गोळ्यांचे विचारले आणि दर महिन्याला वजन करायला यायचे, असे त्या मुलालाच बजावले. बागायतदारांच्या घरून रोज तांब्याभर दूध सुरू झाले. ते त्यांच्या पत्नीने परस्पर ठरवले, आम्हा दोघा पुरुषांना नंतर कळले. शाळेत तेव्हा आठवड्यातून एकदा अंडे मिळत असे. ते तो खिशात घालू लागला, तेव्हा मात्र मी त्याला रागावलो. “तुझी हाडे अजून बंद झालेली नाहीत,” मी म्हणालो. “ते येथेच खायचे, माझ्यासमोर.” त्याने ते खाल्ले.

चैत्रात मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला तो वहीच्या पाठीमागे वजन लिहूनच : दोन किलो आठशे ग्रॅम. अडीच किलोच्या खाली बाळ कमी वजनाचे धरतात, हे त्याला ताईंनी सांगितले होते आणि त्याने वर्गात सर्वांना सांगून ठेवले होते. पेशींचा धडा केव्हाच संपला होता. शास्त्राच्या बाई परत आल्या होत्या आणि माझा तास मराठीचा होता. तरीही त्याने हात वर केला.

“सर, दोन किलो आठशेत पेशी किती?”

मी त्याला फळ्याशी बोलावले. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात तीस ते सदतीस लाख कोटी पेशी असाव्यात, असा अंदाज आहे. तान्ह्या बाळाचा हिशोब इतका सरळ नसतो. पण अंदाजापुरते सत्तराला दोन पूर्णांक आठ दशांशने भागले की पंचवीस येतात. त्या पंचविसाने भाग दे, मी म्हणालो. किरण मदतीला उठला. त्याला याने खाली बसवले. सव्वा ते दीड लाख कोटी. त्याने मोठा आकडा धरला. फळ्याच्या खालच्या अंगाला, त्याचा हात पोचत होता तेथे, त्याने पंधरा लिहिले आणि पुढे एकेक करून मोजत अकरा शून्ये काढली.